घराची पाठ

आपली पाठ आपल्याला दिसत नाही. दुखली, खाजली तरच तिची आठवण होते. घरालाही अशी पाठ असते. फ्रिजमागची भिंत, कपाटाचा माथा, सिंकखालचा काळोख, पलंगाखालचा भिंतीलगतचा पट्टा, दाराची वरची कड, सरकत्या खिडकीची खाच. रोज केर काढून, लादी पुसून, ओटा आवरून आपण ज्याला स्वच्छ घर म्हणतो, ते समोरून दिसणारं घर असतं. मला मात्र बरीच वर्षं या मागच्या घराची ओढ आहे. एखादी मोकळी सकाळ मिळाली की मी एकच जागा निवडते, बाह्या वर सारते आणि तिथे जाऊन बसते. सगळं घर एका दमात काढायच्या फंदात मी पडत नाही. तसं केलं की माणूस दमतो आणि घर मात्र कळत नाही. मला ते कळायला हवं असतं.

कारण घाण वाटेल तिथे बसत नाही. तिच्या येण्याजाण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. वारा कुठून आत येतो आणि कुठे थबकतो, तेलाची वाफ वर जाऊन कुठे थंड होते, पाणी कुठे झिरपतं आणि कुठे साचून राहतं, हे सगळं घाणीच्या थरांवरून वाचता येतं. घर बांधणाऱ्याने न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी मला फडक्याने सांगितल्या आहेत.

सुरुवात मी नेहमी बघण्यापासून करते. रात्री खोलीतले दिवे घालवायचे, टॉर्च जमिनीलगत आडवी धरायची आणि झोत फरशीवरून सरपटत जाऊ द्यायचा. दिवसा लख्ख दिसणारी फरशी एकदम परकी वाटायला लागते. प्रत्येक कणाला लांब सावली फुटते. केस, दोरे, मातीचे खडे, कोपऱ्यात गोळा झालेले करड्या धुळीचे पुंजके, सगळं उठून दिसतं. एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाने अंधाऱ्या खोलीत प्रखर झोत सोडून हवेतले तरंगते कण असेच पाहिले होते. झोताखाली ज्योत धरली तेव्हा ज्योतीच्या वरच्या भागात काळोखाचे पट्टे दिसू लागले. तिथले कण जळून नाहीसे झाले होते. म्हणजे ती नुसती माती नव्हती, जळण्याजोगं सेंद्रिय काहीतरी त्यात होतं. १८७० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने धूळ आणि आजार या विषयावर व्याख्यान दिलं. आज आपल्याला त्या धुळीतले घटक माहीत आहेत. कपड्यांचे आणि अंथरुणांचे तंतू, आपल्याच त्वचेचे पापुद्रे, केस, पायांबरोबर घरात आलेली माती, परागकण, बुरशीचे बीजाणू, काजळी. दर घरात यांचं प्रमाण वेगळं. बरीचशी धूळ आपण स्वतः तयार करतो आणि बाकीची पायांनी आत आणतो, हे एकदा ध्यानात आलं की तिच्यावर रागावणं कमी होतं.

छताच्या पंख्याचं मला लहानपणापासून नवल वाटायचं. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पात्यावर धूळ बसतेच कशी? उत्तर साधं आहे. पात्याच्या अंगाला लागून हवेचा एक पातळ थर पात्याबरोबरच फिरत असतो. एकदा टेकलेला बारीक कण त्या थरात सुरक्षित राहतो, वारा त्याला उडवून लावत नाही. हवा कापत पुढे जाणाऱ्या कडेवर कण सर्वांत जास्त आदळतात, म्हणून काळी किनार तिथेच जाड होते. हे पाते पुसायला जुनी उशीची खोळ उत्तम. पंखा बंद करून खोळ पात्यावर चढवायची, दोन्ही बाजूंनी दाबत बाहेर ओढायची. धूळ खोळीतच राहते, अंथरुणावर पडत नाही.

पण माझा सर्वांत जास्त वेळ जातो तो स्वयंपाकघरात. इथली घाण निराळी. ती मेणचट असते. तापलेल्या भांड्यातून उठणाऱ्या वाफेबरोबर तेलाचे अतिसूक्ष्म थेंब वर जातात, थंड पृष्ठभाग भेटला की टेकतात आणि त्यांच्यावर धूळ येऊन बसते. कपाटाच्या माथ्यावर एकदा बोट फिरवून बघा. ते सरकत नाही, अडकत अडकत जातं. ओल्या फडक्याने पुसायला गेलं तर थर निघायच्या ऐवजी पसरतो आणि फडकं कायमचं वाया जातं. याचं कारण असं की तो थर आता तेल राहिलेला नसतो. हवेतला प्राणवायू आणि उष्णता यांच्यामुळे तेलाचे रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि हळूहळू त्यांचं एक कडक जाळं बनतं. तैलचित्रं वाळतात ती याच प्रक्रियेने. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेशी संयोग पावून घट्ट होतं. चित्रकार ज्या गुणासाठी हे तेल वापरतात, तोच गुण आपल्या चिमणीच्या जाळीवर आपल्याला नको असतो. म्हणूनच ताजा ओशटपणा आणि जुना मेणचटपणा यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. ताजा डाग साबणाच्या पाण्याने जातो. जुना थर विरघळवायला वेळ द्यावा लागतो.

वेळ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ साली सफाईचं एक सूत्र मांडलं. साफ करताना चार गोष्टी काम करतात: रसायन, घासण्याचा जोर, उष्णता आणि वेळ. चौघांची मिळून एक बेरीज लागते. एक कमी केली की दुसरी वाढवावी लागते. सफाईच्या धंद्यातली माणसं आजही यावरच चालतात. घराघरांत मात्र आपण जोरावर भिस्त ठेवतो. घासत राहतो, घासत राहतो, मनगटं दुखवून घेतो, आणि भांड्याला, टाइलला, खिडकीच्या काचेला कायमचे ओरखडे पाडतो. किंवा मग जास्त जालीम बाटली आणतो. चौघांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपद्रवी जो घटक, तो वेळ, आपण वापरतच नाही. फवारलं की लगेच पुसलं.

चिमणीची जाळी काढण्याची माझी रीत सांगते. आधी विजेचं बटण बंद. जाळी सैल करून हळू खाली घ्यायची, कारण तिच्या खालच्या कडेला पिवळट-तपकिरी थेंब लोंबत असतात. मोठ्या टबमध्ये हाताला जेमतेम सोसेल इतकं कढत पाणी, भांडी घासायचा साबण आणि मूठभर धुण्याचा सोडा. जाळी त्यात पूर्ण बुडाली पाहिजे. मग तिच्याकडे पाठ फिरवायची. अर्ध्या तासाने परत आलं की पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असतं. जाळीच्या घरांमधून पिवळे, चिवट तुकडे सुटून वर आलेले असतात आणि बोटांना पाणी निसरडं लागतं. हा निसरडेपणा महत्त्वाचा. आम्लारी पाण्यात तेलाचा काही भाग स्वतःच साबण होऊन गेलेला असतो. साबण बनवण्याची मूळ क्रिया तीच, तेल आणि आम्लारी यांची. त्यानंतर एक जुना दातांचा ब्रश घेऊन जाळीच्या उभ्या-आडव्या रेषांतून हलक्या हाताने फिरवला की धातू उजळतो. दाबावं लागत नाही. जाळी अॅल्युमिनियमची असेल तर मात्र सोडा वापरायचा नाही किंवा अगदी थोडा, थोडाच वेळ. तीव्र आम्लारी पाण्यात अॅल्युमिनियम काळवंडतं आणि झिजतं. तिथे नुसता साबण आणि जास्त वेळ. जाळी पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवायची नाही. आणि हे नुसतं दिसण्यापुरतं काम नाही. तुंबलेल्या जाळीतून हवा ओढली जात नाही, आणि खालच्या ज्वाळेने तो तेलकट थर पेट घेऊ शकतो.

इथे दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. पहिली, खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याच्या प्रकाराबद्दल. फेस बघायला बरं वाटतं. पण सोडा आम्लारी, व्हिनेगर आम्ल. दोघांनी एकमेकांचा गुण मारला की उरतं ते पाणी, कार्बन डायऑक्साइड वायू आणि सोडियम अॅसिटेट नावाचा एक निरुपद्रवी क्षार. फेसाच्या धक्क्याने एखादा सुटा कण हलेल इतकंच. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, पण वेगवेगळ्या. तेलकटपणाला सोडा, पाण्याच्या पांढऱ्या खारांना व्हिनेगर.

दुसरी गोष्ट जिवावरची आहे. ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्ल कधीही, कुठल्याही कारणाने एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काचेचं द्रावण एकत्र आलं तर क्लोरामाइन नावाचे विषारी वायू सुटतात. बंद बाथरूममध्ये, वाकून घासत असताना हे झालं तर फुप्फुसांना इजा होते. एकाने जमलं नाही म्हणून त्यावरच दुसरं ओतणं, हा या अपघाताचा नेहमीचा रस्ता. एका वेळी एकच बाटली, खिडकी उघडी आणि मधे भरपूर पाणी. घरात कामाला येणाऱ्या बाईंनाही हे नीट समजावून सांगणं आपलं काम आहे. बाटलीवरची बारीक अक्षरं त्यांनी वाचावीत अशी अपेक्षा ठेवून चालत नाही.

आता पाण्याकडे येते. तेल डोळ्यांना दिसतं, पाणी लपून राहतं.

फ्रिजच्या आत, मागच्या भिंतीच्या तळाशी एक बारीक भोक असतं. बहुतेकांनी ते कधी पाहिलेलं नसतं. आतल्या थंड पट्टीवर जमलेलं हिम मधूनमधून वितळतं, ते पाणी या भोकातून नळीने मागे जातं आणि कॉम्प्रेसरच्या वर ठेवलेल्या एका ट्रेमध्ये पडतं. कॉम्प्रेसरच्या उबेने ते तिथल्या तिथे वाळून जातं. किती हुशारीने केलेली सोय आहे ही! टाकाऊ उष्णतेने टाकाऊ पाणी उडवायचं. पण भोकात एखादा कण अडकला की पाणी आतच साचतं, खालच्या कप्प्यात येतं, आणि आपण दार नीट लागत नाही म्हणून हैराण होतो. मागच्या ट्रेमध्ये धूळ आणि ओल यांचा गाळ बसतो, आणि कुठून येतो ते न कळणारा एक आंबूस वास स्वयंपाकघरात रेंगाळतो. फ्रिज बंद करून, प्लग काढून, दोघांनी मिळून पुढे ओढायचा. ट्रे निघत असेल तर धुवायचा, नसेल तर जागीच पुसायचा. मागे किंवा खाली उघडी नळ्यांची जाळी असेल तर तिच्यावरची धूळ मऊ ब्रशने झाडायची. फ्रिज आतली उष्णता या जाळीतून बाहेर टाकतो. तिच्यावर धुळीचं पांघरूण असलं की मशीनला तेवढ्याच गारव्यासाठी जास्त वेळ चालावं लागतं. नव्या बऱ्याच फ्रिजांत ही जाळी भिंतींच्या आत असते, तिथे हा प्रश्न येत नाही. दाराचं रबर मात्र सगळ्यांना असतं. त्याच्या घड्यांत बोट घालून बघा. काळे ठिपके असतील तर ती बुरशी. साबणाच्या पाण्यात भिजवलेलं पातळ फडकं बोटाला गुंडाळून घडीतून फिरवायचं, मग कोरडं करायचं. रबर ढिलं पडलं आहे का हे बघायला एक कागद दारात धरून दार लावायचं. कागद सहज सुटून आला तर गारवाही तिथूनच सुटतो आहे.

वॉशिंग मशीनबद्दल लोकांचा असा समज असतो की ज्यात रोज साबण आणि पाणी फिरतं ते आपोआप स्वच्छ राहणारच. उलट आहे. गार पाण्यात धुतलेल्या कपड्यांचा साबण आणि सॉफ्टनर पूर्ण निघून जात नाही. त्याचा एक बुळबुळीत पडदा टबाच्या आड, जिथे हात जात नाही तिथे, साचत राहतो आणि त्यावर जिवाणूंची वस्ती होते. धुऊन काढलेल्या टॉवेलला कुबट वास येतो तो इथून. पुढून उघडणाऱ्या मशीनच्या दाराचं रबर ओढून त्याच्या घडीत डोकावलं की केस, बटणं, कागदाचा लगदा आणि करडं पाणी सापडतं. साबणाचा खण पूर्ण बाहेर निघतो, त्याच्या मागच्या पोकळीचं छतही काळं झालेलं असतं. आणि खाली कोपऱ्यात, एका छोट्या झाकणामागे, पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचं फिल्टर. हे उघडण्याआधी मशीन रिकामं करा, प्लग काढा, खाली पसरट ताट आणि जुने टॉवेल मांडा, कारण आतून पाणी येतंच येतं. मधूनमधून मशीनच्या माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे गरम पाण्याची एक फेरी रिकामीच फिरवावी, आणि एरवी धुणं काढून झाल्यावर दार थोडं किलकिलं ठेवावं. घरात लहान मूल असेल तर मात्र ते आत शिरू शकणार नाही याची काळजी घेऊनच.

नळांच्या तोंडाची जाळी आणि शॉवर, यांचं काम सोपं. पाण्यातल्या चुनखडीचे पांढरे खार व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक आम्लाच्या पाण्यात भिजवले की सुटतात. संगमरवरावर मात्र आम्लाचा थेंबही नको, कारण संगमरवर स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि खारांबरोबर तोही खाल्ला जातो. बाथरूमच्या कोपऱ्यात येणारा गुलाबी पडदा हा रंगाचा किंवा साबणाचा डाग नसून बहुधा जिवाणूंचा असतो. सेराशिया मार्सेसन्स हा त्यातला एक ओळखीचा. घासून काढला तर तो जातो, पण ओल राहिली की परत येतो. त्याच्यावरचा खरा उपाय कोरडेपणा.

आणि मग जमिनीतली जाळी. मला वाटतं, सगळ्या घरात हिच्याइतकी महत्त्वाची आणि हिच्याइतकी दुर्लक्षित वस्तू दुसरी नसेल. जाळीखाली नळाला एक वळण असतं आणि त्या वळणात कायम थोडं पाणी उभं असतं. ते पाणी म्हणजे दार आहे. घरातलं सांडपाणी खाली जाऊ देतं आणि गटारातली हवा वर येऊ देत नाही. लंडनमध्ये घड्याळं बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंगने १७७५ साली संडासाच्या नळाला असं एस आकाराचं वळण देण्याचं पेटंट घेतलं. त्याआधी घरात संडास असणं म्हणजे घरात गटाराचा वास असणं होतं. पण हे पाण्याचं दार वापरात नसलं की वाळून जातं. पाहुण्यांच्या खोलीतलं बाथरूम, गच्चीकडची मोरी, वॉशिंग मशीनची कधी न वापरलेली जाळी. २००३ साली हाँगकाँगमधल्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ पसरली आणि ३००हून अधिक रहिवासी आजारी पडले. तपासात जी कारणं पुढे आली त्यांत हे एक होतं: बाथरूमच्या फरश्या पाणी ओतून धुण्याऐवजी पुसून काढायची सवय असल्याने जमिनीतल्या जाळीखालच्या वळणातलं पाणी बऱ्याच घरांत आटलेलं होतं, आणि बाथरूमचा पंखा लावला की सांडपाण्याच्या नळातले दूषित तुषार आत ओढले जात असावेत. हे वाचल्यापासून मी आठवड्याला घरातल्या प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतते. कुठल्याही बाटलीची गरज नाही, घासणं नाही.

निजायच्या खोलीतलं काम मला माझ्या मुलाने शिकवलं. सकाळी डोळे उघडले की त्याला एकामागून एक शिंका यायच्या. दुपारपर्यंत बरा, रात्री परत नाक चोंदलेलं. डॉक्टर म्हणाले, आधी त्याची गादी बघा. घरातल्या धुळीची अॅलर्जी ज्या जीवामुळे होते तो डस्ट माइट, हे नेदरलँड्समधले फोरहॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं. कोळ्यांच्या कुळातला, पाव मिलिमीटरच्या आसपासचा हा जीव आपल्या त्वचेचे पापुद्रे खातो. पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून जगतो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेचा. उबदार, दमट गादी म्हणजे त्याला हवी तशी जागा. म्हणून मी आता चादरी आणि अभ्रे ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुते, त्यात ते मरतात. गादी उभी करून दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम करते, शिवणींवरून सावकाश. सकाळी उठल्या उठल्या पलंग झाकून टाकत नाही, अंथरुणातली रात्रीची ओल आधी उडू देते. मुलाच्या शिंका पूर्ण थांबल्या असं म्हणणार नाही, पण त्याची सकाळ आता रुमालाने सुरू होत नाही.

व्हॅक्यूम क्लीनरच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते. ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, फुंकण्याऐवजी ओढून घेतली तर? त्याने एका खुर्चीच्या गादीवर रुमाल पसरला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास आत ओढला. रुमालावर धुळीचा डाग उमटला. १९०१ साली त्याने यंत्र तयार केलं. ते इतकं अवजड होतं की घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि खिडकीतून लांबलचक नळ्या घरात सोडल्या जायच्या.

माझ्या त्याच मुलाच्या खोलीत कपाटामागे बुरशी निघाली होती. बाहेरच्या बाजूची भिंत, तिला अगदी चिकटवून ठेवलेलं कपाट. अशा भिंतीला खोलीतली ऊब पोचत नाही, ती थंड राहते, हवेतलं बाष्प तिच्यावर पाणी होऊन बसतं आणि वारा नसल्याने वाळत नाही. कोरड्या ब्रशने ती झाडली असती तर बीजाणू खोलीभर झाले असते, म्हणून तोंडाला मास्क लावून, खिडकी उघडून ओल्या साबणाच्या फडक्याने टिपून काढली आणि भिंत पूर्ण वाळू दिली. कपाट आता भिंतीपासून चार बोटं पुढे आहे. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, जमल्यास ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. ओलीचं मूळ काढलं नाही तर भिंत कितीही पुसा, फळ नाही.

खिडकीच्या खाचेला रंगाचा ब्रश आणि व्हॅक्यूम पुरतो, मात्र पाणी शेवटी. आधी पाणी घातलं की चिखल होतो. पावसाचं पाणी बाहेर जायला चौकटीला बारीक छिद्रं असतात, ती दातकोरणीने मोकळी करावीत. दाराची वरची कड, ट्यूबलाइट, तसबिरींचे माथे: ओलसर फडकं, वरून खाली, बस्स. दिव्यांची बटणं, दारांच्या मुठी आणि टीव्हीचा रिमोट यांना हात सर्वांत जास्त लागतो आणि फडकं सर्वांत कमी. घरात कुणी आजारी असेल तर जंतुनाशक वापरावं, पण आधी मळ काढून, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहील असं. लगेच पुसलं तर जंतुनाशकाला काम करायला सवडच मिळत नाही. आणि हो, फडकी. मळक्या फडक्याने पुसणं म्हणजे मळ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणं. बाथरूमचं वेगळं, स्वयंपाकघराचं वेगळं, आणि काम झालं की गरम पाण्यात धुऊन कडकडीत वाळवलेलं.

हे काम कुणाचं, या प्रश्नाशी मी बरीच झगडले आहे. समोरचं घर आवरलं की कुणीतरी छान म्हणतं. पाठीमागचं काम करणाऱ्याला दाद मिळत नाही, कारण ते नीट झालं की काहीच दिसत नाही, काहीच घडत नाही. वास येत नाही, पाणी तुंबत नाही, शिंका येत नाहीत. असं न दिसणारं काम वर्षानुवर्षं घरातल्या एकाच माणसाच्या अंगावर पडतं, आणि ते बहुतेक वेळा बाईच्याच. मला हा अन्याय वाटतो. म्हणून आमच्याकडे आता जागा वाटून दिल्या आहेत. माळा आणि पंखे नवऱ्याकडे, वॉशिंग मशीनचं फिल्टर मुलीकडे, मुलाची गादी मुलाकडे. मदत म्हणून नव्हे. ती जागा त्या माणसाची. तिचं काय दुखतं, काय खुपतं, ते त्यानेच ओळखायचं.

आणि ज्यांच्या हातात घराची आखणी असते, त्यांनी तर हे काम एकदा स्वतःच्या हाताने करून बघायला हवं. छतापर्यंत न पोचणारं कपाट म्हणजे धुळीसाठी मुद्दाम ठेवलेला माळा. जमिनीपासून दोन बोटं उचललेलं फर्निचर सर्वांत वाईट, खाली धूळ जाते पण झाडू जात नाही. एकतर पूर्ण टेकलेलं हवं, नाहीतर हात जाईल इतकं उंच.

आमच्या ओट्याखालची कपाटं नव्याने करायची ठरली तेव्हा मी सुतारदादांना सांगितलं की पायथ्याची पट्टी खिळ्यांनी ठोकू नका, काढता-घालता येईल अशी बसवा. ते म्हणाले, "ताई, तिथे खाली कोण बघायला जाणारे? उगाच खर्च." मी म्हटलं, मी जाणारे. थोडा विचार करून त्यांनी आतून खटके लावून दिले. पुढे एका सकाळी झाडायला म्हणून ती पट्टी काढली तर सिंकच्या बाजूची फरशी ओली. नळाच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं आणि भिंतीकडे वाहत होतं, पुढे एक थेंबही येत नव्हता. प्लंबरने वॉशर बदलला. कपाटाचा तळ अजून कोरडा होता, लाकूड फुगलं नव्हतं. ते काम संपल्यावर सुतारदादांना फोन करून मी हे कळवलं, आणि आता त्यांच्याकडून बाकीच्या कपाटांनाही तशाच पट्ट्या करून घेते आहे.